तालुका बदलला की गाव बदललं पाहिजे: डेटा एंट्री फॉर्मला क्वेरी जोडण्याचा नेमका क्रम

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या बऱ्याच सोसायट्या, दूध संघ आणि शाळा आजही आपलं काम मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसवर बनवून घेतलेल्या फॉर्मवर चालवतात. ते बिघडले की माझ्याकडे येतात, आणि तक्रारी ठरलेल्या असतात. तालुका बदलला तरी खाली जुनंच गाव राहतं. जुना अर्ज उघडला की गावाचा रकाना रिकामा दिसतो. सभासद क्रमांक टाकला तर नाव एकाचं आणि पत्ता दुसऱ्याचा येतो. प्रत्येक वेळी दोष क्वेरीला, म्हणजे टेबलातून हवी ती माहिती शोधून आणणाऱ्या आज्ञेला दिला जातो. क्वेरी सहसा बरोबर असते, फक्त ती चुकीच्या वेळी चाललेली असते किंवा तिच्यामागची यादी कच्ची असते.

उदाहरणासाठी एका मल्टिस्टेट सोसायटीचा कर्जमागणी अर्ज घेऊ. सभासद बेळगाव आणि खानापूर तालुक्यातले आहेत, तसेच हद्दीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगड आणि कागलचेही आहेत. क्लार्कनं सभासद क्रमांक टाकायचा, जमिनीचा तालुका आणि गाव निवडायचं, बाकीचं फॉर्मनं आणायचं. खाली दिलेले टप्पे त्याच क्रमानं करा. मधला टप्पा सोडून पुढे गेलात तर परत मागे यावं लागतं.

## टप्पा १: संगणक उघडण्याआधी छापील अर्ज घ्या

अर्जाचा कागद समोर ठेवा आणि प्रत्येक रकान्यावर पेन्सिलीनं एक खूण करा. खुणा चार प्रकारच्या.

लिहायचा: कर्जाची रक्कम, कारण.
निवडायचा: जिल्हा, तालुका, गाव, पीक.
फक्त दिसायचा: सभासदाचं नाव, आजचा पत्ता, मोबाइल.
येऊन गोठायचा: व्याजदर, अर्जाच्या दिवशीची शेअर्सची रक्कम.

शेवटच्या दोन प्रकारांत गल्लत झाली की नुकसान मोठं होतं. सभासदाचा पत्ता सभासदांच्या टेबलात एकदाच असावा. अर्जात त्याची नक्कल ठेवली, की पत्ता बदलल्यावर एकाच माणसाचे तीन पत्ते तयार होतात आणि नोटीस कुठं पाठवायची ते कळत नाही. म्हणून अर्जात फक्त सभासद क्रमांक साठवायचा, पत्ता क्वेरीनं दाखवायचा.

व्याजदराचं याच्या उलट आहे. तो अर्जाच्या दिवशी जो असेल तोच त्या अर्जात कायम राहायला हवा. तो नुसता क्वेरीनं दाखवलात, तर पुढच्या वर्षी दर बदलल्यावर जुने सगळे अर्ज नव्या दरानं छापून येतील. हे ऑडिटरच्या समोर घडताना मी पाहिलं आहे. क्लार्कची त्यात काही चूक नव्हती, तरी उत्तर तिलाच द्यावं लागलं.

तपासा: एकाही रकान्यावर दोन खुणा नसाव्यात. शंका असेल तर सेक्रेटरींना विचारा, "पाच वर्षांनी हा अर्ज काढला तर इथं काय दिसायला हवं?" उत्तरात "तेव्हाचं" आलं तर गोठवा, "आजचं" आलं तर नुसतं दाखवा.

## टप्पा २: याद्या साफ करा

माझ्या अनुभवात अर्धा वेळ इथं जातो, आणि जायलाच हवा. आपल्या भागात एका गावाचं नाव किमान तीन प्रकारे लिहिलं जातं: मराठीत, कन्नडमध्ये आणि रोमन अक्षरांत. मराठीतही बेळगुंदी आणि बेलगुंदी, खानापूर आणि खानापुर अशी रूपं सापडतात. क्वेरीच्या दृष्टीनं ती सगळी वेगळी गावं.

म्हणून गावाची ओळख नावावर ठेवू नका, क्रमांकावर ठेवा. गावांच्या टेबलात प्रत्येक गावाला एक क्रमांक द्या आणि त्याच ओळीत तीन रकाने करा: मराठी नाव, कन्नड नाव, रोमन नाव. स्क्रीनवर क्लार्कला मराठी दाखवा, सरकारी कचेरीत जाणारा तक्ता कन्नडमध्ये छापा. क्रमांक एकच राहतो. जिल्ह्याचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, तेव्हा ज्यांनी जिल्हा क्रमांकानं साठवला होता त्यांना एका ओळीत एक शब्द बदलावा लागला. ज्यांनी प्रत्येक अर्जात नाव टाइप केलं होतं, त्यांच्याकडे दोन जिल्हे तयार झाले.

नावात सारखेपणा आहे तिथं जास्त सांभाळा. कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही दोन गावं आहेत. सरकारी यादीत ती बी.के. आणि के.एच. अशी येतात. घाईत कुणी नुसतं "कंग्राळी" टाकलं तर ती नोंद कुठल्या गावाची, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. खानापूर नावाचा तालुका बेळगाव जिल्ह्यात आहे, तसाच सांगली जिल्ह्यातही आहे. दोन राज्यांत काम करणाऱ्या सोसायटीनं तालुका नुसत्या नावावर शोधला, तर चूक नक्की.

आता फॉन्टचं बघा. जुना डेटा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये किंवा नुडी या कन्नड सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला संकेत देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल, तर स्क्रीनवर मराठी-कन्नड दिसतं, पण आत साठलेली असतात भलतीच रोमन अक्षरं आणि चिन्हं. युनिकोडमध्ये लिहिलेलं नाव त्यात कधीही सापडणार नाही. आधी रूपांतर करा, मग पन्नासेक नावं डोळ्यांनी वाचून पाहा. रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात.

युनिकोडमध्येही एक न दिसणारा फरक राहतो. "कऱ्हाडकर" यातलं ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतं आणि दोन्ही दिसतात सारखीच, पण साठतात वेगळी. एका कीबोर्डवर न दिसणारं जोडणीचं अक्षर मध्ये येतं, दुसऱ्यावर येत नाही. दोन क्लार्क दोन कीबोर्ड वापरत असतील, तर एकीनं भरलेलं आडनाव दुसरीला सापडत नाही. सगळ्या संगणकांवर एकच कीबोर्ड ठेवा आणि जुन्या नोंदींमध्ये सगळीकडे एकच रूप करून घ्या.

अंकांचंही तसंच. मोबाइल नंबर, सर्व्हे नंबर हे रकाने मजकुराचे असतात. त्यात मराठी अंक गेले तर रोमन अंकांनी शोधल्यावर ते सापडत नाहीत. साठवताना एकच अंकलिपी ठरवा. छापताना हवी ती वापरता येते.

खबरदारी: नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा दिसत नाही, पण क्वेरीला ती दिसते. यादी आत घेताना दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढून टाका.

## टप्पा ३: टेबलं आणि त्यांचे दुवे

राज्य, जिल्हा, तालुका, गाव, सभासद, व्याजदर आणि अर्ज अशी सात टेबलं पुरतात. तालुक्याच्या ओळीत जिल्ह्याचा क्रमांक, गावाच्या ओळीत तालुक्याचा क्रमांक. ज्या रकान्यावर शोध घ्यायचा त्यावर इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेली सूची) लावा. शाखा एकापेक्षा जास्त असतील तर नुसता सभासद क्रमांक एकमेव धरू नका. दोन शाखांत १२५ नंबरचे दोन सभासद असू शकतात. एकाचं नाव आणि दुसऱ्याचा पत्ता येण्याचं कारण बहुधा हेच असतं. शाखा आणि क्रमांक मिळून एक ओळख करा.

टेबलांची आणि रकान्यांची नावं रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता ठेवा. अ‍ॅक्सेसमध्ये कोड लिहायच्या खिडकीत देवनागरी किंवा कन्नड अक्षरं टिकत नाहीत, त्यांची प्रश्नचिन्हं होतात. त्याच कारणानं कोडमध्ये कुठल्याही गावाचं नाव लिहू नका. सूचनासुद्धा मराठीत हवी असेल तर ती एका टेबलात ठेवा आणि फॉर्मवरच्या चौकटीत दाखवा.

गावांच्या आणि तालुक्यांच्या टेबलात "चालू आहे का" असा एक हो-नाही रकाना आत्ताच टाका. निपाणी पूर्वी चिकोडी तालुक्यात होती, कागवाड अथणीत, मुडलगी गोकाकमध्ये. तालुके फुटतात. जुनी ओळ पुसली तर तिच्यावर टांगलेले जुने अर्ज अनाथ होतात. ओळ ठेवा, "चालू" काढून घ्या.

## टप्पा ४: क्वेरी आधी एकटी चालवा

फॉर्म बनवण्याआधी क्वेरी स्वतंत्र तयार करून साठवा. गावाची क्वेरी साध्या मराठीत अशी: गावांच्या टेबलातून क्रमांक आणि मराठी नाव घे, तालुका क्रमांक दिलेल्या तालुक्याइतका असेल तेवढ्याच ओळी घे, नावाप्रमाणे लाव. "दिलेला तालुका" म्हणजे पॅरामीटर, क्वेरी चालवताना तिला बाहेरून दिली जाणारी किंमत. क्वेरी चालवा, ती विचारेल तेव्हा खानापूरचा क्रमांक द्या आणि नंदगड, जांबोटी, लोंढा येतात का बघा. मग चंदगडचा द्या आणि शिनोळी येते का बघा.

आता मुख्य इशारा. अनेक जण कोडमध्ये मजकूर जोडून क्वेरी बनवतात: अर्धं वाक्य, मग क्लार्कनं टाकलेलं नाव, मग उरलेलं वाक्य. असं करू नका. खानापूर-बेळगावकडे डिसोझा, डिसिल्वा ही आडनावं आहेत आणि कागदपत्रांवर ती डी'सोझा, डी'सिल्वा अशीही असतात. ते मधलं चिन्ह आलं की क्वेरीला वाटतं नाव तिथंच संपलं, आणि फॉर्म चूक दाखवून थांबतो. वाईट हेतूचा माणूस याच फटीतून क्वेरीत स्वतःचा हुकूम घुसवू शकतो. पॅरामीटरनं नाव दिलं तर ते नावच राहतं.

तारखेचा फटका तर लक्षातही येत नाही. मजकूर जोडून बनवलेल्या क्वेरीत अ‍ॅक्सेस तारीख अमेरिकन पद्धतीनं वाचतं, आधी महिना मग दिवस. ०५/०६ म्हणजे आपली ५ जून, ती ६ मे होते. २५/०६ मात्र बरोबर वाचली जाते, कारण पंचविसावा महिना नसतो. म्हणजे चाचणी महिनाअखेरीस केली तर सगळं नीट दिसतं, आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत चुका होतात. इथंही उपाय पॅरामीटरच, आणि त्याचा प्रकार "तारीख" असा जाहीर करा.

तपासा: पॅरामीटर रिकामा ठेवून क्वेरी चालवा. एकही ओळ येऊ नये. सगळी गावं आली तर अट चुकली आहे.

## टप्पा ५: कॉम्बो बॉक्स

कॉम्बो बॉक्स म्हणजे खाली उघडणाऱ्या यादीतून निवडायची चौकट. गावाच्या कॉम्बोला रो सोर्स (यादी जिथून येते ती जागा) म्हणून वरची क्वेरी द्या. पॅरामीटरच्या जागी फॉर्मवरच्या तालुक्याच्या कॉम्बोचा पूर्ण पत्ता लिहा. बाउंड कॉलम (जो साठतो तो) १, कॉलमची एकूण संख्या २, पहिल्या कॉलमची रुंदी शून्य. म्हणजे साठतो क्रमांक आणि दिसतं नाव. लिमिट टू लिस्ट "हो" आहे ना ते बघा, म्हणजे क्लार्कला यादीत नसलेलं काही टाइप करता येत नाही आणि टप्पा २ ची मेहनत वाया जात नाही.

एक बारकावा खूप जणांना अडवतो. बाउंड कॉलम १ पासून मोजला जातो, पण कोडमध्ये कॉम्बोचा कॉलम ० पासून मोजतात. गावाचं नाव दुसऱ्या रकान्यात असेल तर कोडमध्ये ते कॉलम १. पिन कोड तिसरा असेल तर कॉलम २.

फॉर्म उघडल्यावर "एंटर पॅरामीटर व्हॅल्यू" अशी चौकट आली, तर तुम्ही लिहिलेला पत्ता अ‍ॅक्सेसला सापडलेला नाही. फॉर्मचं नाव बदललं, अक्षर चुकलं, किंवा फॉर्म दुसऱ्या फॉर्मच्या आत बसवला, यापैकी एक कारण असतं. आत बसवलेल्या फॉर्मचा पत्ता मुख्य फॉर्ममधून द्यावा लागतो.

## टप्पा ६: आधी पुसा, मग यादी ताजी करा

तालुक्याच्या आफ्टर अपडेटमध्ये (रकान्यात बदल झाल्यावर चालणारा कोड) तीन ओळी, याच क्रमानं:

१. गावाचा कॉम्बो रिकामा करा.
२. गावाच्या खालचे सगळे रकाने (पिन कोड, सर्व्हे नंबर, हिस्सा) रिकामे करा.
३. गावाच्या कॉम्बोला रिक्वेरी द्या, म्हणजे त्याची क्वेरी पुन्हा चालून यादी ताजी होते.

पहिली ओळ राहिली तर तालुका खानापूर आणि साठलेलं गाव मात्र जुनं, बेळगाव तालुक्यातलं. स्क्रीनवर रकाना रिकामा दिसतो, पण आत जुना क्रमांक तसाच असतो. दुसरी ओळ राहते ती एका गैरसमजामुळे. कोडनं गाव रिकामं केलं तर गावाची स्वतःची आफ्टर अपडेट चालत नाही. ती माणसानं बदल केला तरच चालते. म्हणून जिल्हा बदलल्यावर तालुका, गाव आणि त्याखालचं सगळं तुम्हालाच पुसावं लागतं.

आता जुना अर्ज उघडल्यावर गाव रिकामं दिसण्याची तक्रार. फॉर्म एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीवर गेला की तालुका बदलतो, पण गावाची यादी आधीच्याच तालुक्याची राहते. क्रमांक यादीत नाही, म्हणून नाव दिसत नाही. माहिती शाबूत असते. क्लार्कला मात्र वाटतं गाव भरायचं राहिलं, आणि ती नवीन निवडून टाकते. यासाठी फॉर्मच्या ऑन करंटमध्ये (फॉर्म दुसऱ्या नोंदीवर आला की चालणारा कोड) गावाच्या कॉम्बोला रिक्वेरी द्या. तेवढंच.

मोठा इशारा: ऑन करंटमध्ये पुसण्याची ओळ कधीही टाकू नका. वरच्या तीन ओळी जशाच्या तशा तिथं चिकटवलेला एक फॉर्म माझ्याकडे आला होता. एका दुपारी कुणीतरी नोंदी नुसत्या पुढेमागे करून पाहिल्या, आणि पाहिलेल्या प्रत्येक अर्जातलं गाव गेलं. सुदैवानं आदल्या रात्रीचा बॅकअप होता. पुसणं फक्त माणसानं तालुका बदलला तेव्हाच.

बंद केलेल्या गावांसाठी क्वेरीत अट अशी हवी: या तालुक्यातली चालू गावं, आणि जोडीला या नोंदीत आधीच असलेलं गाव, ते बंद असलं तरी. नुसती "चालू" अट लावली तर जुने अर्ज पुन्हा रिकामे दिसू लागतात.

एकाखाली एक ओळी दाखवणाऱ्या फॉर्मवर हा खेळ जमत नाही. तिथं सगळ्या ओळींना एकच यादी असते, म्हणून दुसऱ्या तालुक्याच्या ओळीतली गावं रिकामी दिसतात. तिथं गावाचं नाव फॉर्मच्या मूळ क्वेरीतच जोडून घ्या आणि साध्या चौकटीत दाखवा. बदल करायचा असेल तर एकेरी नोंदीचा फॉर्म उघडा.

## टप्पा ७: सभासद, जामीनदार, व्याजदर, जमीन

सभासदांची यादी कॉम्बोत भरू नका. काही हजार नावं नेटवर्कवरून ओढताना फॉर्म हलेनासा होतो. शाखा निवडून क्रमांक टाकू द्या आणि एकच ओळ आणा. क्रमांक सापडला नाही तर आधीच्या सभासदाचं नाव-पत्ता स्क्रीनवरून लगेच पुसा. नावानं शोधायचं असेल तर तीन अक्षरं टाकल्यावरच क्वेरी चालवा आणि नावाच्या सुरुवातीपासून जुळवा. मधूनच जुळवायला सांगितलं तर इंडेक्सचा उपयोग होत नाही.

जामीनदाराच्या क्वेरीत अर्जदाराला वगळा. ही अट फॉर्मच्या बिफोर अपडेटमध्ये (नोंद साठण्याआधी चालणारा कोड) पुन्हा एकदा तपासा, कारण क्लार्क आधी जामीनदार भरून नंतर अर्जदार बदलू शकते.

व्याजदराच्या टेबलात "लागू तारीख" असा रकाना हवा. क्वेरीनं अर्जाच्या तारखेला किंवा तिच्याआधी लागू झालेला सर्वांत अलीकडचा दर आणायचा. आजच्या तारखेशी जुळवू नका, कारण मागच्या आठवड्याचे अर्ज आज भरले जातात. आणलेला दर अर्जाच्या टेबलात लिहून टाका.

जमिनीच्या रकान्यावर थोडं थांबतो, कारण दोन राज्यांतल्या सभासदांमुळे इथं खरी चूक होते. कर्नाटकाच्या पहाणीवर (तिथल्या जमिनीच्या उताऱ्यावर) क्षेत्र एकर-गुंठ्यांत असतं, महाराष्ट्राच्या सातबारावर हेक्टर-आरमध्ये. हेक्टरला १०० आर, म्हणून ०.८० हेक्टर म्हणजे ८० आर, दशांश बरोबर बसतो. एकराला मात्र ४० गुंठे. कुणी २.२० लिहिलं तर त्याचा अर्थ २ एकर २० गुंठे, म्हणजे अडीच एकर. संगणक ते दोन पूर्णांक वीस शतांश एकर धरतो आणि सभासदाचे १२ गुंठे हरवतात. कर्जाची मर्यादा एकरावर ठरत असेल तर नुकसान थेट त्याचं.

यासाठी गाव निवडल्यावर क्वेरीनं त्याचं राज्यही आणायचं. कर्नाटक असेल तर एकर आणि गुंठे अशा दोन वेगळ्या चौकटी दाखवा आणि गुंठ्यांत ४० पेक्षा कमी आकडाच स्वीकारा. महाराष्ट्र असेल तर हेक्टर आणि आर. मूळ आकडे उताऱ्यावर आहेत तसेच साठवा, आणि हिशेबासाठी वेगळ्या रकान्यात सगळं आरमध्ये करून ठेवा. १ गुंठा म्हणजे १.०११७ आर. वरचे २ एकर २० गुंठे म्हणजे १०० गुंठे, १०१.१७ आर. सर्व्हे नंबरच्या शेजारची पाटीही बदला: कर्नाटकासाठी सर्व्हे आणि हिस्सा, महाराष्ट्रासाठी गट नंबर.

## टप्पा ८: चाचणी, मगच काउंटर

फाइलचे दोन भाग करा. टेबलं एका संगणकावर, फॉर्म प्रत्येक काउंटरवर वेगळे. जोडणी वायरची ठेवा, कारण लिहिताना वायफाय तुटलं तर फाइल बिघडू शकते. टेबलांच्या संगणकाला यूपीएस हवाच.

खऱ्या अर्जांतले दहा कठीण अर्ज निवडा आणि क्लार्ककडून भरून घ्या. स्वतः भरू नका, तुमचा हात आपोआप बरोबर क्रमानं जातो. त्या दहांत हे असावेत: तालुका निवडून, गाव निवडून, पुन्हा तालुका बदललेला अर्ज; कंग्राळीच्या दोन्ही गावांचे दोन अर्ज; आडनावात डी'सोझासारखं चिन्ह असलेला सभासद; महिन्याच्या पहिल्या बारा तारखांतला अर्ज; चंदगडची जमीन असलेला बेळगावचा सभासद; चुकीचा सभासद क्रमांक. मग दहाही नोंदी पुढेमागे करून पाहा आणि टेबल उघडून साठलेले क्रमांक कागदाशी ताडून घ्या. स्क्रीनवर बरोबर दिसतं म्हणजे आत बरोबर आहे असं धरू नका.

शेवटी एक व्यवस्था लावून द्या. यादीत नसलेलं गाव आलं तर ते टेबलात घालण्याचा अधिकार एकाच माणसाला असावा. क्लार्कजवळ एक वही ठेवा. त्यात गाव, तालुका आणि उताऱ्यावर लिहिलेलं नाव जसंच्या तसं उतरवायचं, आणि गाव यादीत येईपर्यंत तो अर्ज बाजूला राहू द्यायचा.